निळीची दाढ

खाडीच्या चिखलात वर्षभर पुरलेली नारळाची सोडणं वर काढली की जो वास सुटतो, तो धुतल्याने जात नाही. जेवताना भातात येतो, निजताना उशाला येतो. सत्यवतीला तो आता लागतही नव्हता. ती ओलं सोडण दगडावर ठेवी, लाकडी दांड्याने ठेचून त्याचा काथा मोकळा करी आणि मागे टाकी. वैशाखाचं ऊन पाठीवर बसलं होतं ते उठायचं नाव घेत नव्हतं. बाजूला शेजारची सुशीला, पलीकडे वाडीतल्या आणखी दोघी. दांडे एकापाठोपाठ पडत होते.

मागे उंडीच्या झाडाच्या सावलीत तिची पोर चवड्यांवर बसली होती. गुडघे छातीशी घेतलेले, हनुवटी गुडघ्यांवर. नाव सीता, पण ते बारशाच्या दिवशी वापरलं तेवढंच. ओठ जांभळासारखे, नखं जांभळासारखी. वाडीने तिला निळी म्हटलं आणि शेवटी आईही तेच म्हणू लागली. सात वर्षांची होती, दिसायची चारची. चार पावलं चालली की अशी चवड्यांवर बसायची, मग श्वास परत यायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आज तिचा डावा गाल लिंबाएवढा वर आला होता.

"आये, गूळ दी."

"नाय."

"वायच दी."

"नाय म्हणान सांगलंय ना?"

"मगे मी रडतंय हां."

सगळे दांडे थांबले.

"दी गो तिका," सुशीला म्हणाली. "कित्याक चेडवाक रडयतस? परत काळीनिळी पडली म्हणजे?"

"तोंडात पू भरलो हा तिच्या. तुका दिसणा नाय?"

"आमी काय वायट सांगतंव? आवस तू, तुका जास्त कळता." आणि सुशीलाने दांडा असा हाणला की चिखल सत्यवतीच्या गालावर उडाला.

निळी वर्षाची होती तेव्हा रडता रडता तिचे डोळे फिरले होते. दवाखान्यातल्या डॉक्टराने छातीला नळी लावली आणि सांगितलं, "हिच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. हिला रडू देऊ नका." एवढंच. कसं, ते सांगितलं नाही. सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं? मग वाडीने आपल्या अकलेप्रमाणे केलं. मूल रडू नये म्हणून गरिबाकडे असतं काय? गुळाचा खडा. निळीने ओठ वाकडा केला की कुणाच्या तरी हातातून गूळ तिच्या तोंडात जायचा. जत्रेहून येणारा तिच्यासाठी खाजं आणायचा, मुंबईहून येणारा खडीसाखर. झोपेत कण्हली तर आजी काकवीचं बोट तिच्या तोंडात घालायची. अख्खी वाडी एका पोरीला रडू न देण्याच्या कामाला लागली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण पुण्य करतो आहोत. पोर रडली नाही. तोंडात मात्र कीड लागली.

दिवाळीनंतर सत्यवती तिला आगबोटीने मुंबईला घेऊन गेली. नवरा भिकाजी तिथे गोदीत कामाला. मोठ्या इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टराने नळी लावली, फोटो काढले, मग तोंड उघडायला सांगून बॅटरी मारली. बघितलं आणि बॅटरी विझवली.

"ऑपरेशन होईल. पण हे तोंड आधी साफ करून आणा. तोंडातली घाण रक्तातून हृदयात जाते. इथे पू असताना मी छातीला सुरी लावणार नाही. आणि पावसाळ्याच्या आत आणा. पुढचा पावसाळा ही काढेल असं मला सांगता येत नाही."

दातांच्या इस्पितळात त्यांना उद्या या, परवा या, असं झालं. पण परवापर्यंत राहायचं कुठे? भिकाजी राहायचा ती गावकऱ्यांची खोली पुरुषांची. पेट्या भिंतीला, वळकट्या पेट्यांवर. बाईमाणसाला तिथे टेकायलाही जागा नाही. गावकरी दोन दिवस गप्प बसले, मग खाकरायला लागले. भिकाजीने तिला परतीच्या बोटीत बसवलं. "दाढ काय, गावाकय काडतत," तो म्हणाला. त्याला ती सोपी गोष्ट वाटली. तिलाही वाटली.

आता वैशाख अर्धा सरला होता. शेवटची आगबोट गेली की नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. घाटाने न्यावी तर कणकवलीपर्यंतच्या मोटारीच्या धक्क्यांनीच एकदा निळीचे डोळे पांढरे झाले होते. मुंबईला या खेपेस गोदीतल्या मुकादमाच्या बायकोने स्वयंपाकघराचा कोपरा द्यायचं कबूल केलं होतं. सगळं जुळलं होतं. आड आली होती ती दाढ.

दिवेलागणीला सत्यवती पोरीचे पाय धूत होती तेव्हा परकराच्या ओच्यात काही टणक लागलं. सोडून बघितलं तर गुळाचा खडा, मुंग्यांसकट.

"ह्यो कोणी दिल्यान?"

"मी," सासू हौसाबाई ओटीवरून म्हणाली. सुपात कुळीथ पाखडत होती, मान वर केली नाही. "काय करतलस? मारतलस माका?"

"आत्ये, डाक्तरान सांगलानी..."

"डाक्तरान पयला सांगलानी, रडूक देव नकात. आता सांगता, गूळ देव नकात. उद्या सांगात, वारो घेवक देव नकात. तेच्या तोंडार शिरा पडो!" सूप आपटलं. "अगो, ता चेडू आमच्याकडे चार दिवसांचा पावणा. पावण्याक तोंड गोड करून धाडूचा, ह्या माका माझ्या आवशीन शिकवल्यान."

सत्यवतीने गूळ अंगणात भिरकावला. "पावणा नाय ता. माझ्या पोटचा आसा. आणि ता खंय जावचा नाय."

"तू थांबयतलस?"

"भांडा नकात," निळी मधेच म्हणाली. गाल सुजल्यामुळे शब्द तोंडात लोळत होते. "नायतर मी रडतलंय."

दोघींनी आपापलं काम हाती घेतलं. पोरीने एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघितलं. आपल्या हातात काय हत्यार आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी सत्यवतीने तिला पाठंगुळी घेतलं, तरीच्या होडीतून खाडी ओलांडली आणि मालवण गाठलं. पोरीचा श्वास मानेवर लागत होता, गरम आणि कुजका.

बंदराकडच्या डॉक्टराने निळीला बघितलं, तोंड उघडायला सांगितलं. सुजेमुळे दोन बोटं जातील एवढंच उघडलं. मुंबईला काय सांगितलं ते ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"बरोबर सांगितलंय त्यांनी. पेनिसिलिनची सुई मी देतो. आज एक, आणि दाढ काढायच्या दिवशी सकाळी एक. सुईशिवाय कुणी हात लावला तर पोर जाईल, लक्षात ठेवा."

"आणि काडतलो कोण?"

"ते माझं काम नाही, बाई. आज दातांचे डॉक्टर आलेत बाजारात. त्यांना विचारा."

दातांचा डॉक्टर घाटावरून यायचा, बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात बसायचा. काचेच्या कपाटात चुन्याचे दात मांडलेले, जणू कुणी हसून हसून मेला आहे. बाकावर एक किराणा दुकानदार शेट गालाला रुमाल बांधून बसला होता. सत्यवती आत शिरली तसा त्याने तो रुमाल नाकावर घेतला. काथ्याचा वास.

निळी खुर्चीत चढली. डॉक्टर हसत पुढे आला, तिचा हात हातात घेतला आणि नखं बघून त्याचं हसू थांबलं.

"ही अशी का?"

सत्यवतीने घरून पाठ करून आणलेलं पुस्तकी बोलून दाखवलं. "हिच्या हृदयाला भोक आहे, डॉक्टरसाहेब. जन्मापासून."

"उतरव. उतरव तिला खाली."

"तोंड तरी बघा..."

"बाई, मी हात लावणार नाही. सुई टोचली आणि इथेच काही झालं तर? आधी छाती बरी करून घ्या. मग दहा दाढा काढतो."

"मुंबईचे डॉक्टर सांगतात आधी दाढ. तुम्ही सांगता आधी छाती. मग मी... मी पयला खंय जाऊ?" पुस्तकी भाषा तिथेच संपली.

"मुंबईलाच जा. तिथे सोयी असतात."

"मुंबयक घेणत नाय दाढ काडल्याशिवाय!"

"मग मी काय करू? ही माझ्या खुर्चीत गेली तर उद्या या गावात माझ्याकडे कोण येईल?" तो खोटं बोलत नव्हता. तीच तर गोष्ट. लबाड असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

"अगो, रुईचो चीक घाल दाढेत," शेट रुमालातून म्हणाला. "आपसूक पडात."

"तुमच्या दाढेत घातलास?"

"माझी गोष्ट येगळी."

"तर काय. तुमची दाढ सोन्याची."

ती पोरीला उचलून बाहेर पडली. वळून बघितलं तर डॉक्टर खुर्चीचे हात फडक्याने पुसत होता. पोरीचं दुखणं काही खुर्चीला लागत नाही, हे त्याला शिकवलं नव्हतं की काय?

राहिला महादू. महादू सुतार. होड्या बांधायचा, वल्ही तासायचा आणि वाडीची दुखरी दाढ असेल ती काढायचा. एक लांब दांड्याची लोखंडी पकड होती त्याच्याकडे. खिळे काढायलाही तीच. गडी हसत हसत दाढ काढी आणि ती होडीच्या फळीवर ठेवून म्हणे, "ह्यो बघ तुझो वैरी." पण निळीचं नाव निघताच तो रंधा मारायचा थांबला.

"माका भय वाटता, सत्ये. बैल सांग, रेडो सांग. ह्या चेडू म्हणजे काचेचो गडू."

"सुई देवन आणतंय मी. डाक्तर म्हणता सुई दिली काय चलता."

"मगे तोच कित्याक काडणा नाय?" महादूने हात पुसले. "देवाक इचार. उजवो कौल पडलो तर काडतंय. मगे काय झाला तरी माझ्या माथ्यार नको."

शेवटच्या बोटीच्या आदल्या दिवशी सकाळीच तिने मालवणला जाऊन दुसरी सुई टोचून आणली. पोरीच्या कुल्ल्यावर गाठ आली, पोर रडली नाही. तिथून तशीच देवळात. गुरव, महादू, हौसाबाई, सुशीला, निम्मी वाडी जमली होती. गुरवाने ओल्या कळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि हात जोडले.

"बा गावच्या धन्या, ह्या लेकराची दाढ किडली हा. महादूच्या हातान ती काडूची काय नको, ता तू सांग. तुझ्या मनात असात तर उजवी दी, नसात तर डावी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे कळ्यांकडे बघत राहिले. घाम दगडावर टपकत होता. निळी खांबाशी चवड्यांवर बसली होती आणि फक्त तीच कळ्यांकडे बघत नव्हती. ती समईच्या खालच्या नैवेद्याच्या गुळाकडे बघत होती.

डावी कळी पडली.

सगळ्यांच्या छातीतून एकदम वारा सुटला तो सत्यवतीने ऐकला. महादूच्या खांद्यावरून तर जणू होडी उतरली. सुशीला हात जोडून म्हणाली, "राखल्यान गो देवान चेडवाक."

"चेडवाक?" सत्यवती म्हणाली. "तुमका राखल्यान देवान. तुमका सगळ्यांका! चेडू हय बसला हा तसाच, तोंडात पू घेवन."

"देवळात असा बोलू नये," गुरव म्हणाला.

"मगे खंय बोलू? दवाखान्यात बोललंय. बाजारात बोललंय. तुमी सगळे दार लावन घेतास नि आत बसान माझी कीव करतास."

तिने पोरीला उचललं आणि निघाली. पोरीच्या अंगात आज सकाळची सुई होती. उद्या बोट होती. परवा काहीच नव्हतं.

महादू धापा टाकत आपल्या होड्यांच्या शेडवर पोचला तेव्हा ती आधीच दारात उभी होती.

"पकड दी."

"येडी काय तू? कौल डावो पडलो."

"गुरवान काय इचारल्यान? महादूच्या हातान काडूची काय? तुझ्या हाताक नको म्हणल्यान देवान. माझो हात कोणी इचारूक नाय."

महादू वळला आणि अर्धवट होडीच्या कडेला काहीतरी तासायला लागला, तासायचं काही नव्हतं तिथे.

"फळयेर आसा," तो पाठमोराच म्हणाला. "मी तुका बघूक नाय हां. आणि पकडीचो दांडो लांब धरूचो, तोंडाकडे नाय. आत दाबूचा पयला, मगे हलवचा. ओढूचा शेवटाक. माका काय म्हायती नाय."

तिने पकड पेजेच्या टोपात उकळली. हौसाबाई ओरडली, टोप बाटला म्हणाली, पोरीला मारतेस म्हणाली, भिकाजीला काय तोंड दाखवशील म्हणाली. सत्यवतीने चटई ओटीवर उजेडात टाकली, मिठाचं कोमट पाणी ठेवलं, जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवल्या. निळी सगळं बघत होती.

"आये, दुखात?"

"दुखात."

"मी रडाक नको?"

सत्यवतीने पकड घड्यांवर ठेवली. "नको बाय. रडा नको."

"मगे गूळ देशीत?"

"देतंय."

"मोठो?"

"मोठो."

पोर चटईवर आडवी झाली आणि स्वतःच गुडघे पोटाशी घेतले. सत्यवती एका हाताने तिचं डोकं धरायला गेली. दोन हात कमी पडत होते. तेव्हा हौसाबाई आली, पोरीच्या डोक्याशी फतकल मारून बसली आणि डोकं मांडीत घट्ट धरलं. "आटप," ती म्हणाली. डोळे मिटलेले.

पकड पहिल्यांदा घसरली. दाढेचा टवका उडाला आणि पोरीचं अंग मासळीसारखं उसळलं. दुसऱ्यांदा सत्यवतीने आत दाबली. काथा ठेचून ठेचून तिच्या मनगटात बळ होतं, पण हे बळ कुठे थांबवायचं ते तिला माहीत नव्हतं. हलवली. काहीतरी करकरलं. पू आला, मग रक्त. तिने दात खाल्ले, स्वतःचे, आणि ओढलं.

पोर ओरडली नाही. एक आवाज नाही. डोळे आईच्या तोंडावर रोखलेले आणि ओठ जांभळ्याचे काळे होत चाललेले. "गुडघे! गुडघे दाब तिचे!" सत्यवती किंचाळली. हौसाबाईने पोरीला उचलून चवड्यांवर बसवलं, पाठीमागून मिठी घालून गुडघे छातीशी आवळले. रक्त पोरीच्या हनुवटीवरून आजीच्या मनगटावर गळत होतं. ओटीवर फक्त तिच्या श्वासाची घरघर. ती थांबली असं वाटलं. मग पुन्हा आली. मग हळूहळू ओठ काळ्याचे निळे झाले, तिचे रोजचे.

सत्यवतीने लुगड्याची घडी खळग्यात दाबून धरली.

हौसाबाईने चटईवर पडलेली दाढ तळहातावर घेऊन बघितली. काळी, पोकळ, मुळाशी पिवळी. "एवढीशी," ती म्हणाली, आणि ती मातीत टाकायलाही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी पडावाच्या होडीतून मायलेकी आगबोटीवर चढल्या. खलाशाने निळीला गाठोड्यासारखी वर घेतली. गालाची सूज रात्रीत पार उतरली होती. सत्यवतीने डेकवर दोरखंडांच्या वेटोळ्याशी चटई टाकली. भोंगा झाला, किल्ला मागे सरकायला लागला, आणि तिच्या पोटात महिन्यांनी पहिल्यांदा भूक उठली. आता कोण म्हणेल, आधी दाढ? घ्या, नाही दाढ.

शेजारी मिठबावची एक म्हातारी होती, आनंदीबाई, मुलाकडे चाललेली. मांडीवर खाज्याची पुडी.

"आये," निळी म्हणाली, "आता दी."

"काय?"

"गूळ. मोठो. मी रडूक नाय."

सत्यवतीने समुद्राकडे बघितलं.

"तू सांगल्लंस."

"बरी हो पयली. मुंबयसून येताना..."

"तू सांगल्लंस!"

"काय मागता गो चेडू?" आनंदीबाई पुढे सरकली. "जावंदे, माझ्याकडचा घे, बाय. खाजा खातस? घे घे. रडा नको."

निळीचा हात पुडीकडे गेला तोच सत्यवतीने म्हातारीचा हात झटकला. खाजं डेकवर सांडलं, वाऱ्याने कडेच्या गजांतून खाली गेलं.

"आवस काय वैरीण गो तू?" म्हातारी ओरडली. "लेकराच्या तोंडातला काडलंस!"

निळीचा ओठ वाकडा झाला. नेहमीसारखा. ती थांबली, नेहमीसारखी, कुणाचा तरी हात येईल म्हणून. हात आला नाही. मग तिचं तोंड उघडलं. उघडतच गेलं. आणि त्यातून एक आवाज आला, चिरका, फाटका, वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेल्या कडीसारखा. पोर रडत होती.

"गप कर गो तिका! काळा पडला चेडू!"

"पाणी देवा!"

"खाऊक देवा काय ता!"

सत्यवती काही ऐकत नव्हती. सकाळचं ऊन पोरीच्या उघड्या तोंडात सरळ आत पडलं होतं. इतकं मोठं उघडलेलं हे तोंड तिने कधी बघितलंच नव्हतं. वाडीतल्या कुणीच नव्हतं. कालचा लाल खळगा दिसला. त्याच्या मागची दाढ काळी. वर काळी. दुसऱ्या अंगाला तीच गत, एकीचा वरचा भाग झिजून कवडीसारखा राहिलेला, एकीत पांढरा पू.

मुंबईच्या डॉक्टराने बॅटरी विझवली होती ती तिला आठवली. हे तोंड, असं तो म्हणाला होता. दाढ म्हणाला नव्हता.

किल्ला आता बोटाएवढा होता. मागे फिरणारी बोट नव्हती. पुढे तोच डॉक्टर होता, तीच बॅटरी होती.

तिने निळीला मांडीत ओढलं, चवड्यांवर बसवलं, गुडघे छातीशी आवळून धरले. पोर तिच्या हातात हंबरत होती, ओठ काळे पडत होते, आणि भोवतीची माणसं तिला गप कर, गप कर म्हणत होती.

"रड," सत्यवती तिच्या कानात म्हणाली. "रड बाय. माका बघूक दी."

उशाच्या गाठोड्यात काहीतरी टणक मांडीला टोचत होतं. महादूची पकड. परत द्यायची राहूनच गेली होती. तिने ती कापडावरूनच मुठीत धरली, दांड्याकडे, लांब.